वाद की घोटाळा? शब्द चुकला की न्यायही चुकतो

इंग्रजी बातम्यांतले दोन शब्द रोज आपल्या घरात येतात. एक 'कॉन्ट्रोव्हर्सी' आणि दुसरा 'स्कँडल'. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर ते सरकत असतात, मोबाईलवर ते टिंग करून वाजतात, आणि संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर येऊन पोहोचतात. मराठीत येताना मात्र दोघांचं बहुतेक वेळा एकच रूप होतं : 'वादग्रस्त प्रकरण'. वादग्रस्त वक्तव्य, वादग्रस्त जमीन, वादग्रस्त अधिकारी, वादग्रस्त कायदा. सगळं एकाच पोत्यात.

आम्हाला वाटतं की हे पोतं उघडून बघायची वेळ आली आहे. कारण हे दोन शब्द सख्खे भाऊ तर सोडाच, एका गावचेही नाहीत.

'कॉन्ट्रोव्हर्सी'चं मूळ लॅटिन भाषेत आहे. एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे राहणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे दोन बाजू असल्या पाहिजेत आणि दोघींनाही काहीतरी म्हणायचं असलं पाहिजे. आपला 'वाद' हा शब्द त्याला बरोबर बसतो. 'स्कँडल' आला ग्रीक भाषेतून. तिथे त्याचा अर्थ सापळा, ज्यात पाय अडकून माणूस पडतो असा अडथळा. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांतून तो युरोपभर गेला आणि ज्याने लोकांचा विश्वास ठेचाळतो असं वर्तन, असा अर्थ त्याला चिकटला. त्याला मराठीत एकच शब्द पुरत नाही. पैसा असेल तर 'घोटाळा', अब्रूचा मामला असेल तर 'भानगड', आणि गावभर झालं की 'बोभाटा'.

वादात मत असतं, घोटाळ्यात कृत्य असतं. वादाचा निकाल चर्चेने लागतो, कधी मतदानाने, कधी कायद्याचा अर्थ लावून. घोटाळ्याचा निकाल पुराव्याने लागतो. वादात हरलेला माणूस गुन्हेगार ठरत नाही. घोटाळ्यात मात्र कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी घेतलेलं असतं.

आपल्या घरांना हा फरक नवा नाही, फक्त तो आपण वेगळ्या नावाने ओळखतो. इख्तिलाफ वेगळा आणि खयानत वेगळी. कोकणातली बहुतेक मुस्लिम घरं शाफई, विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक हनफी. नमाजमध्ये हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत. पण त्यावरून कोणी कोणाला चोर म्हणत नाही. मशिदीच्या चंद्याचा हिशोब मात्र कोणी दिला नाही, तर तो इख्तिलाफ होत नाही. तिथे हिशोबच द्यावा लागतो.

दोन राजूर, दोन शब्द

यवतमाळ जिल्ह्यात राजूर नावाची दोन गावं आहेत. एक कळंब तालुक्यात, दुसरं वणी तालुक्यात. योगायोग असा की या दोन गावांच्या आधाराने दोन्ही शब्द समजून घेता येतात.

आधी कळंब तालुक्यातलं राजूर. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. या त्याच लेखिका, ज्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये दादरीच्या अखलाक यांची जमावाने हत्या केल्यानंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता. मराठीच्या संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी लेखिका कशाला, असं म्हणत मनसेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी संमेलन उधळण्याचा इशारा दिला. आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. मग उलट्या बाजूने लाट उठली. आमचा विरोध नाही, असं राज ठाकरे यांनी नंतर सांगितलं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक साहित्यिकांनी यवतमाळला जायला नकार दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून निमंत्रण मागे घेण्यावर टीका केली. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत भाषांतरित होऊन गावोगाव वाचलं गेलं. झालं असतं तर कदाचित एवढं वाचलंही गेलं नसतं.

आणि उद्घाटन कोणी केलं? वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. लेखकांच्या भांडणात ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांच्या हातून दिवा लागला, आणि त्या निमित्ताने एका शेतकरी विधवेचं म्हणणं सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं.

याला 'कॉन्ट्रोव्हर्सी' म्हणतात. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणाची जमीन गेली नाही. धमकी देणं चूकच होतं आणि धमकीपुढे वाकणंही चूक होतं, असं आमचं मत आहे. पण इंग्रजी लेखिकेला बोलवावं की नको, या प्रश्नावर दोन भली माणसं दोन बाजूंना उभी राहू शकतात. वाद झाला, तापला, त्यातून काही चांगलंही निघालं.

आता वणी तालुक्यातलं राजूर. हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, कोळसा आणि चुना. राजूर कॉलरी आणि चुनाभट्ट्या. या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला 'कोळसा घोटाळा' हे शब्द जास्त जवळून ऐकू आले असतील. खाणीत उतरणाऱ्या मजुराचा त्या घोटाळ्याशी काही संबंध नव्हता. घोटाळा दिल्लीतल्या टेबलावर झाला होता, खाणपट्टे वाटताना. लिलाव न करता खासगी कंपन्यांना खाणी दिल्याने त्यांना १ लाख ८६ हजार कोटी रुपयांचा फायदा झाल्याचा अंदाज 'कॅग'ने ऑगस्ट २०१२ मध्ये मांडला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं.

या प्रकरणाला आपल्या जिल्ह्याचं नावही चिकटलं. 'जेएलडी यवतमाळ एनर्जी' या कंपनीला छत्तीसगडमधला खाणपट्टा मिळाल्याच्या खटल्यात दिल्लीच्या विशेष न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये माजी खासदार विजय दर्डा, त्यांचे पुत्र आणि माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांच्यासह काही जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. त्याविरुद्धचं अपील उच्च न्यायालयात गेलं.

हे 'स्कँडल'. इथे 'दोन्ही बाजू ऐका' एवढं म्हणून भागत नाही. कागद कोणी पुढे सरकवला, अर्जात काय लिहिलं, सही कोणाची, हे बघावं लागतं. अर्थात घोटाळ्याच्या पोटातही वाद असतो. 'कॅग'चा तो प्रचंड आकडा बरोबर की फुगवलेला, यावर जाणकारांत खूप भांडण झालं. ते भांडण खरंच वाद होतं. पण आकड्यावर वाद आहे, म्हणून वाटप स्वच्छ होतं असं होत नाही. गंमत म्हणजे बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. आकड्यावर भांडा, वाटप विसरा.

राजूरच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. चुनकळीवर पाणी टाकलं की ती उकळते, फसफसते, वाफा निघतात, जवळ गेलं तर चटका बसतो. थोड्या वेळाने शांत झाली की त्याच चुन्याने भिंत पांढरी होते. वाद असा असतो. आणि कोळसा? तो उगाळावा तितका काळाच.

घोटाळ्याला वाद म्हटलं की काय होतं

आता खरा मुद्दा. शब्दांची अदलाबदल झाली की नुकसान कोणाचं होतं?

२०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली आणि २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कोणतं औषध कोणत्या औषधात मिसळून विकलं गेलं, दुकानदाराने काय सांगितलं, कृषी खात्याची तपासणी कुठे होती, इशारा वेळेत का गेला नाही, दवाखान्यात उपचाराची तयारी किती होती, असे पुराव्याचे प्रश्न समोर होते. पण टीव्हीवरची चर्चा लवकरच दुसरीकडे वळली : शेतकऱ्यांनी मास्क का घातले नाहीत? हातमोजे का नव्हते? विशेष तपास पथक नेमलं गेलं, पण लोकांच्या मनात राहिला तो 'चूक कोणाची' यावरचा वाद. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला मेलेला मजूर. मेलेला माणूस वाद कसा घालणार?

शेतकरी आत्महत्येचंही तसंच. मृत्यू झाला की तो 'पात्र' की 'अपात्र' यावर बैठक बसते. घरातली बाई एक लाखाच्या मदतीसाठी नवऱ्याचं मरण सिद्ध करत बसते. घोटाळ्याला किंवा अनास्थेला 'वाद' हे नाव दिलं की जबाबदार माणसाला एक खुर्ची मिळते, 'दुसरी बाजू' म्हणून. तो आरोपी राहत नाही, पाहुणा होतो.

वादाला घोटाळा म्हटलं की काय होतं

उलटा प्रकार आपण सगळ्यांनी भोगला आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातचे लोक जमले होते. साथ पसरत असताना एवढे लोक एकत्र राहायला हवे होते का, आयोजकांनी आणि प्रशासनाने वेळीच काय करायला हवं होतं, हा रास्त प्रश्न होता. त्यावर टीका करायला जागा होती आणि समाजातूनही ती झाली. पण काही वाहिन्यांनी दोन दिवसांत त्याचा कट करून टाकला. मुद्दाम रोग पसरवणारे लोक, असं चित्र उभं राहिलं. त्याची किंमत भाजीचा गाडा लावणाऱ्याने दिली, भाड्याचं घर शोधणाऱ्याने दिली.

ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेल्या २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधत असतं आणि या परदेशी लोकांना तसं निवडलं गेल्याचं दिसतं, असं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं. माध्यमांच्या प्रचारावरही कडक शब्दांत बोट ठेवलं. पण आरोपाची बातमी आठवडेच्या आठवडे चालली आणि निकालाची एक दिवस.

म्हणजे मजबुताच्या घोटाळ्याला वाद म्हटलं जातं आणि कमजोराच्या वादाला घोटाळा. दरवेळी असंच होतं असं आम्ही म्हणत नाही. पण बातमी वाचताना हे डोक्यात ठेवायला हरकत नाही.

एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही

आपल्याच समाजातलं उदाहरण घ्यायचं तर बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचं घ्यावं लागेल. महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होतं, कोट्याशिवाय ते मिळत नव्हतं. बिल्डरांना जादा सिमेंट देऊन त्या बदल्यात एका प्रतिष्ठानसाठी देणग्या घेतल्याचा आरोप झाला, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. हे होतं 'स्कँडल'. पुढे खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला-उतरला, आणि अंतुले पुन्हा केंद्रात मंत्रीही झाले.

डिसेंबर २००८ मध्ये तेच अंतुले केंद्रात अल्पसंख्याक मंत्री होते. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात शहीद झालेले हेमंत करकरे मालेगाव स्फोटाचा तपास करत होते. त्यांना त्या ठिकाणी कोणी पाठवलं, असा प्रश्न अंतुलेंनी जाहीरपणे विचारला आणि संसदेत गदारोळ झाला. सरकारने उत्तर दिलं, विषय संपला. ही होती 'कॉन्ट्रोव्हर्सी'. त्यांचा प्रश्न चुकीच्या वेळी आला असं कोणी म्हणेल, विचारायलाच हवा होता असंही कोणी म्हणेल. दोघांनाही तसं म्हणायचा हक्क आहे.

पण 'मुसलमान होते म्हणून घालवलं' हे एकच वाक्य दोन्हीकडे लावलं, तर सिमेंटच्या हिशोबाचा प्रश्न झाकला जातो. आणि 'हा माणूस पहिल्यापासून तसाच' हे वाक्य दोन्हीकडे लावलं, तर २००८ च्या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरजच उरत नाही. दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या तपासाव्यात, हे जितकं दुसऱ्यांनी आपल्याबाबत पाळायला हवं तितकंच आपणही आपल्या माणसांबाबत पाळायला हवं.

आज वक्फच्या बाबतीत

हा सगळा विषय आज सर्वांत जास्त कुठे लागू पडत असेल तर तो वक्फला. वक्फ दुरुस्ती कायदा एप्रिल २०२५ मध्ये झाला. बोर्डात बिगरमुस्लिम सदस्य असावेत की नाही, 'वापराने वक्फ' ही संकल्पना पुढे राहावी की नाही, सरकारी जमिनीचा दावा कोणी तपासावा, यावर देश दोन बाजूंना उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात पूर्ण कायदा थांबवला नाही, पण वक्फ करण्यासाठी किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करत असण्याची अट आणि सरकारी अधिकाऱ्याला जमिनीचा निर्णय देण्याचा अधिकार अशा काही तरतुदींना स्थगिती दिली. हा वाद आहे, मोठा आणि गंभीर. तो कायद्याने, संविधानाने, शांतपणे लढायचा आहे.

पण त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट पडलेली आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात सांगितलं होतं की देशात सुमारे ४ लाख ९० हजार नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत, जवळपास ६ लाख एकर जमीन, बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी. त्यातून वर्षाला मिळणारं उत्पन्न किती? अवघे १६३ कोटी. नीट वापर झाला तर वर्षाला १२ हजार कोटी मिळू शकतात, असा समितीचा हिशोब होता. मधले पैसे कुठे गेले? मोक्याची दुकानं किरकोळ भाड्याने कोणाला मिळाली? जमिनीवर इमारती कोणाच्या सहीने उभ्या राहिल्या? काही ठिकाणी सरकारी कब्जा, काही ठिकाणी बाहेरचे लोक, आणि काही ठिकाणी आपलेच मुतवल्ली. याचं नाव वाद नव्हे.

नवीन कायद्याविरुद्ध आवाज उठवताना जुन्या भाड्याचा हिशोब मागणाऱ्याला 'तू कोणाच्या बाजूने?' असं विचारलं जातं, तेव्हा आपण घोटाळ्यावर वादाची चादर घालत असतो. आणि वक्फमध्ये घोटाळे झाले, म्हणून सगळी वक्फ व्यवस्थाच बेकायदा, असं कोणी म्हणतो, तेव्हा तो वादावर घोटाळ्याचा शिक्का मारत असतो. दोघांनाही एकच उत्तर : कायद्यावर चर्चा होऊ द्या आणि हिशोबही टेबलावर ठेवा. एकाने दुसरं माफ होत नाही.

राजूरसारख्या गावांसाठी यात एक रोखठोक काम आहे. केंद्राचं 'उम्मीद' पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी सहा महिन्यांची मुदत ठेवली गेली. नोंदणीची अट न्यायालयाने थांबवलेली नाही. गावातली मशीद, कब्रस्तान, ईदगाह यांचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, बोर्डाकडे नोंद आहे का, पोर्टलवर अर्ज गेला का आणि मंजूर झाला का, हे कमिटीने जमातीसमोर वाचून दाखवायला हवं. टीव्हीवरचा वाद रात्रभर चालेल, पण कब्रस्तानची जागा शेवटी कागदावरच टिकणार आहे.

बातमी आली की तीन प्रश्न

घरातल्या मुलांना, विशेषतः जे ग्रुपवर पटकन फॉरवर्ड करतात त्यांना, आम्ही तीन प्रश्न सुचवतो.

पहिला : यात कोणाचं काय गेलं? पैसा, जमीन, जीव, अब्रू. काहीच गेलं नसेल आणि फक्त कोणी काहीतरी बोललं असेल, तर तो वाद आहे. तिथे गुन्हेगार शोधू नका.

दुसरा : एक सज्जन माणूस दोन्ही बाजूंना उभा राहू शकतो का? लाच घेण्याच्या, मजुराला विषारी औषध देण्याच्या, यतीमचा हक्क मारण्याच्या बाजूने सज्जन माणूस उभा राहत नाही. तिथे 'दोन्ही बाजू' हा शब्द आला की सावध व्हा.

तिसरा : याचा निकाल कशाने लागणार? युक्तिवादाने लागणार असेल तर आपलं म्हणणं तयार ठेवा आणि दुसऱ्याचंही ऐका. कागदाने लागणार असेल तर कागद मागा. माहितीचा अधिकार आहे, कोर्ट आहे, ग्रामसभा आहे. आणि कागद हातात येईपर्यंत कोणाचं नाव घेऊन बोभाटा करू नका.

सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मोबाईलच्या काळात त्या शहानिशेची पहिली पायरी अगदी सोपी आहे : समोर आलेली गोष्ट वाद आहे की घोटाळा, एवढं ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत अंगठा थांबवायचा.